दहा आकडे वाफ

भिंगरीचा टोला मागच्या रेषेपर्यंत पोचत नव्हता. दुखणं म्हणाल तर एवढंच. पण बॅडमिंटनची एकेरी खेळणाऱ्या पोरीचा घात व्हायला एवढं पुरतं. आपल्या टोकाहून मारलेलं शटल उंच जाऊन समोरच्या टोकाला, अगदी रेषेच्या कडेला पडलं पाहिजे. दोन हात अलीकडे पडलं, की समोरची ते वरच्या वर ठेचते आणि आपल्या नशिबी जमिनीवरून पिसं गोळा करणं येतं. घोट्याच्या ऑपरेशननंतर भिंगरी दोन स्पर्धा खेळली आणि दोन्हींत पहिल्याच फेरीत तिनं पिसं गोळा केली.

दुसऱ्या स्पर्धेहून घरी आली त्याच दुपारी अकादमीतल्या मोठ्या मॅडमचा फोन आला. मॅडम आडवळणानं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"पुढची स्पर्धा तीन आठवड्यांनी. पात्रतेचे दोन सामने जिंकून मुख्य फेरीत आलीस, तर अकादमीतली तुझी खोली तुझी. नाही आलीस, तर त्या खोलीसाठी सोळा वर्षांची एक मुलगी सहा महिने थांबली आहे. तुला अंधारात ठेवणं मला जमणार नाही."

"हो मॅडम."

"घोटा दुखतो का?"

"नाही मॅडम."

"मग मन दुखतंय. पाय टाकायला घाबरतेस तू. त्याचं औषध माझ्याकडे नाही."

भिंगरीनं फोन ठेवला आणि टेबलाचा खण उघडला. आत एका शाळेचा अर्ज होता. त्यांना खेळ शिकवायला बाई हवी होती. अर्ज सगळा भरलेला, फक्त सही राहिलेली. तिनं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. बाविसाव्या वर्षी लोकांची नोकरी सुरू होते, आणि हिची संपायला आली होती. स्वयंपाकघरातून किटलीचा खदखद आवाज येत होता. आई शटलना वाफ देत होती.

ही वाफ कसली, ते सांगायचं तर चौदा वर्षं मागे जावं लागेल.

भिंगरीचे बाबा लिफ्टचे मेकॅनिक. क्रीडाभवनाची लिफ्ट महिन्यातून दोनदा दोन मजल्यांच्या मधे अडकायची, की बाबांना बोलावणं यायचं. एकदा आई आजारी होती म्हणून आठ वर्षांच्या पोरीला ते बरोबर घेऊन गेले, पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "इथून हलायचं नाही." पण हिच्या पायाला भिंगरी, नावही त्यावरूनच पडलेलं. बाबा लिफ्टच्या खड्ड्यातून वर आले, तर पायरी रिकामी. पोरगी हॉलमध्ये. कुणाची तरी तुटकी रॅकेट हातात, तीनच पिसं उरलेलं शटल भिंतीवर मारतेय, आणि ते वेडंवाकडं परत आलं की जाईल तिकडे धावतेय.

"कुणाची ही?" खुर्चीतल्या माणसानं विचारलं. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक ते. अख्खं गाव त्यांना शिट्टीसर म्हणायचं.

"माझी. चुकली सर, नेतो."

"न्यायची काय घाई आहे? ती चुकत नाहीये. शटल चुकतंय."

तिथून सुरुवात झाली.

हवा कोरडी होती त्या भागातली. शटलची पिसं हंसांची. कोरड्या हवेत ती कडकडीत होतात आणि चार फटक्यांत मोडतात. शिट्टीसरांनी घरी येऊन आईला उपाय दाखवला. बारा शटल बसतात ते पुठ्ठ्याचं लांब नळकांडं उघडायचं, पिसांची बाजू किटलीच्या तोंडाशी धरायची, दहा आकडे मोजायचे, लगेच झाकण लावायचं आणि रात्रभर उभं ठेवायचं. पिसं नरम पडतात, दुप्पट टिकतात.

"दहाच हां वहिनी. पुरणावाणी शिजवायचं नाही त्यांना."

"आकडे मला नाही जमत," आई म्हणाली. "मधेच कुणी हाक मारली की विसरते. मी आपली देवाला दोन शब्द सांगेन. ते सांगून होईस्तोवर धरेन."

"सांगा. पण देवाला म्हणावं, थोडक्यात ऐक."

सरांनी स्टॉपवॉच हातात घेतलं. आईनं डोळे मिटून म्हटलं, "देवा, माझ्या पोरीला सांभाळ. समोरच्या पोरीलाही सांभाळ. दोघींना धड घरी आण."

"बरोब्बर दहा," सर म्हणाले. "वहिनी, तुमचा देव घड्याळाचा पक्का आहे."

त्या दहा आकड्यांवर भिंगरी मोठी झाली. अकराव्या वर्षी गावात तिला हरवणारं कुणी उरलं नाही. पंधराव्या वर्षी अकादमीत गेली. तिथे रोज नवीकोरी शटल, वाफेचं काम नाही. एकेरीचं आयुष्य हे असं असतं, की ट्रॉफी घेताना फोटोत शंभर माणसं आणि एरवी खोलीत एक पलंग, एक खिडकी, आणि दोरीवर वाळत घातलेले तिचे तिनंच धुतलेले मोजे. कोर्टावर तर विचारूच नका. दुहेरीत चूक झाली की जोडीदाराकडे बघता येतं. एकेरीत बघायचं कुणाकडे? भिंगरी नेटकडे बघायची. एकोणिसाव्या वर्षी देशाच्या क्रमवारीत ती चाळिसावी होती, एकविसाव्या वर्षी चौदावी. आईनं एकही सामना बघितला नाही. म्हणायची, "तू हरताना मला बघवत नाही आणि जिंकताना ती समोरची बघवत नाही."

आणि मग एका सामन्यात, तिसऱ्या गेममध्ये, डाव्या मागच्या कोपऱ्यात शटल घ्यायला जाताना पाय मुडपला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. घोट्यात एक स्क्रू बसला आणि भिंगरी घरी आली.

अडीच महिने खुर्चीत गेले. मग चार महिने गावातल्याच हॉलमध्ये सराव. सर खुर्चीत बसून शिट्टी वाजवायचे. खांदा गेल्यामुळे वर्षानुवर्षं त्यांनी शटलला हात लावला नव्हता. समोर खेळायला दातांचे डॉक्टर. पंचेचाळिशीचा माणूस, सकाळी सात ते साडेआठ खेळायचा आणि नऊ वाजता लोकांना आ करायला लावायचा. आणि शटल आईच्या हातची, वाफ दिलेली.

सरावात सगळं ठीक होतं, हेच तर कोडं होतं. सरावात टोला कसा, छान रेषेवर. स्पर्धेत गेलं की दोन हात अलीकडे. मॅडम म्हणाल्या मन दुखतंय. सर म्हणाले घोट्यावर भार टाकत नाहीस. बाबा म्हणाले, "लिफ्ट अडकली म्हणून कुणी इमारत पाडत नाही. होईल." भिंगरीला तिघांचंही पटायचं, म्हणजे एकाचंही पटत नव्हतं. रोज अंथरुणात पडल्या पडल्या ती उजवा पाय वर करून घोटा गोल फिरवायची आणि त्याला विचारायची, का रे बाबा? घोटा काही बोलायचा नाही.

मॅडमच्या फोनला सहा दिवस झाले. आईच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून आई दोन दिवस तिच्याकडे गेली. जाताना बाबांना बजावलं, "नवं नळकांडं आहे कपाटावर. संध्याकाळी वाफ द्या. विसराल."

"मी विसरतो का कधी?"

विसरले. म्हणजे हॉस्पिटलची लिफ्ट अडकली, त्यात विसरले. सकाळी भिंगरी कोरडंच नळकांडं घेऊन हॉलवर गेली.

पहिला टोला अलीकडे पडला. दुसरा अलीकडे. दहावा अलीकडे. स्पर्धेतलं भूत आता घरच्या हॉलमध्येही आलं, संपलं सगळं. भिंगरी खाली बसणार, तेवढ्यात पलीकडून डॉक्टर ओरडले, "अगं, माझंही पोचत नाहीये! आज दोघांचे हात एकदमच गेले?"

सरांनी शिट्टी वाजवली, उठले, आणि कैक वर्षांनी शटल हातात घेतलं. बोटांनी पिसं चाचपली. मग भिंगरीच्या पिशवीत तळाशी परवाचं एक शटल होतं, ते घेतलं. एक या तळहातावर, एक त्या तळहातावर. त्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, दाताच्या साच्याची पावडर मोजायला तुमच्याकडे बारीक काटा असतो ना?"

तिघंही दवाखान्यात गेली. पहिला पेशंट गाल धरून बाकावर बसला होता, तोही उठून बघायला आला. कोरडं शटल भरलं पाच ग्रॅमच्या किंचित वर. परवाचं भरलं सहाला जरा कमी.

"एक ग्रॅमसुद्धा नाही," पेशंट सुजलेल्या गालानं म्हणाला. "त्यात काय?"

"त्यात सगळं आहे," सर म्हणाले. "जड शटल लांब जातं. हलक्या मनगटानं मारलं तरी रेषेवर. चार महिने ही जड शटलवर हात बसवतेय, आणि स्पर्धेत मिळतात कोरडी. पोचणार कशी? घोट्याचा काही दोष नाही. पोरी, तुझ्या मनाचाही नाही. दोष असला तर माझा. मी खुर्चीत बसून शिट्ट्या वाजवल्या."

डॉक्टर मात्र वेगळ्याच दुःखात होते. "म्हणजे माझा हात सुधारला नव्हता? मी घरी बायकोला सांगितलं होतं हो!"

भिंगरी हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा असं पोट धरून हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं. वाफ द्यायला आईला दहा आकडे लागायचे. दहा आकड्यांत एवढं पाणी पिसांत जाईलच कसं?

आई दुसऱ्या दिवशी परतली. आल्या आल्या पिशवी ठेवली, हात धुतले, कपाटावरचं नळकांडं बघितलं आणि बाबांना म्हणाली, "विसरलात ना?" बाबा वर्तमानपत्रात शिरले. आईनं किटली ठेवली. भिंगरी दाराच्या आड उभी राहिली, सरांचं स्टॉपवॉच मुठीत धरून.

किटलीला वाफ आली. आईनं नळकांडं धरलं, डोळे मिटले.

"देवा, माझ्या पोरीला सांभाळ. समोरच्या पोरीलाही सांभाळ. दोघींना धड घरी आण." दहा. इथे झाकण लागायला हवं होतं. पण आईचा हात हलला नाही. "तिच्या घोट्यातला स्क्रू डॉक्टर म्हणाले राहू दे, तर राहू दे, पण त्याला गंज चढू देऊ नकोस. ज्यांनी तो बसवला त्यांच्या हाताला यश दे. त्यांची लेक लांब असते, तिच्याकडेही बघ. ताईचा डोळा उघडला, तुझे उपकार, आता दुसराही उघड. यांना लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना भान असू दे. सरांची साखर खाली ठेव. दातांच्या डॉक्टरांचे गुडघे जरा सांभाळ, ते नसले तर ही खेळेल कुणाशी? पोरगी जेवताना गप्प असते, तिला दोन घास गोड लागू देत."

भिंगरीनं घड्याळाकडे बघितलं. मिनिट उलटून गेलं होतं. पुठ्ठ्यावर थेंब जमून खाली ओघळत होते.

"त्या खोलीसाठी एक मुलगी थांबली आहे म्हणे. तिलाही खोली दे रे देवा. तीही कुणाची तरी आहे. फक्त हिची देऊ नकोस, दुसरी दे. आणि त्या खणात हिनं एक कागद ठेवलाय. मी वाचला नाही, मला दिसला. तिला सही करायची असेल तर करू दे, पण रडत करू देऊ नकोस. एवढंच."

झाकण लागलं. एक मिनिट अडतीस सेकंद. भिंगरी पाय न वाजवता मागे सरली आणि जिन्यात जाऊन बसली.

थोड्या वेळानं बाबा तिथे आले. तिनं सगळं सांगितलं. बाबा टक्कल खाजवत राहिले.

"सांगायला हवं," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा."

"मी? पंचवीस वर्षांत मी तुझ्या आईला मीठ जास्त झालंय हेसुद्धा सांगितलेलं नाही."

"मग काय सांगायचं तिला? तुझ्या प्रार्थनेनं मी हरले?"

बाबा तिच्या शेजारी बसले, आणि जिन्याचा कठडा सैल झाला होता तो हलवून बघत राहिले.

न सांगताही भागलं असतं म्हणा. गुपचूप दुसरं नळकांडं आणायचं, आईचं तसंच पिशवीत ठेवायचं. भिंगरीनं तसं एक दिवस केलंही. पण संध्याकाळी आई पुन्हा किटलीपाशी उभी राहिली, मिटल्या डोळ्यांनी, तेव्हा भिंगरीला ते बघवेना. एवढ्या जीवानं कुणी काही करावं आणि आपण ते पिशवीच्या तळाशी घालून फिरावं, हे तिला चोरीसारखं वाटलं. तिनं पुढे होऊन गॅस बंद केला.

"आई, दहाच आकडे धरायचं असतं गं."

"दहाच धरते की."

"दीड मिनिट धरतेस." आणि मग तिनं काटा, ग्रॅम, दोन्ही स्पर्धा, सगळं भडाभडा सांगून टाकलं. चांगलं नाही सांगितलं. सांगताना मधेच आवाज चढला, मधेच डोळे भरले.

आईनं नळकांडं ओट्यावर ठेवलं. फडक्यानं ओटा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"म्हणजे मीच तुला हरवलं," ती म्हणाली.

"नाही गं."

"मी देवापाशी जेवढं मागत गेले, तेवढं तुझं शटल जड होत गेलं."

त्यानंतर दोन दिवस आई घरात होती पण नव्हती. स्वयंपाक वेळेवर, कपडे घडीचे, पण तोंडातून शब्द नाही. सकाळी उठल्यावर खिडकीपाशी उभी राहून जे पुटपुटायची, तेही बंद. बाबा म्हणाले, "घरातला रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतंय." भिंगरी कोरड्या शटलनं सराव करून यायची. खांदा ठणकायचा, कारण आता पूर्ण ताकद लावावी लागत होती. ठणकणारा खांदा घेऊन ती आईच्या मागे मागे फिरायची. स्पर्धेला दहा दिवस उरले होते, आणि तिला दोन गोष्टी रेषेपर्यंत पोचवायच्या होत्या. शटलचं एक वेळ जमलं असतं.

तिसऱ्या दिवशी आई भाजी निवडत होती. भिंगरी समोर जाऊन खाली बसली.

"आई, एक सांग. मिनिटभर तू देवाशी बोललीस, ते चुकलं का?"

आई देठं खुडत राहिली.

"प्रार्थना जास्त नाही झाली. वाफ जास्त झाली. दोन्ही वेगळी आहेत. तू दोन्ही एका हातात धरलीस एवढंच."

आईचा हात थांबला.

"तू त्या खोलीवाल्या मुलीसाठी मागितलंस," भिंगरी म्हणाली. "मी तर रोज तिचा पाय मुरगळू दे म्हणत होते."

"भिंगरे!"

"खरंच सांगते. म्हणून म्हणते, तू बंद करू नकोस. या घरात देवाशी धड बोलणारं दुसरं कुणी नाही."

आईनं नाक ओढलं. मग अचानक तिचा पारा चढला. "आणि तो शिट्टीवाला चार महिने काय झोपला होता? रोज खुर्चीत बसून पीं पीं! एकदा शटल उचलून बघायला काय हात झिजत होते? आणि ते डॉक्टर! माणसाच्या दातातली किडलेली भेग दिसते, हातातलं शटल भिजलंय ते कळत नाही!"

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "रेडिओ लागला."

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, नळकांडं मांडीवर आडवं घेतलं, गॅस बंद. डोळे मिटले. यावेळी कसली घाई नव्हती, त्यामुळे प्रार्थना चांगली ऐसपैस झाली. शिट्टीसरांवर रागावल्याबद्दल क्षमाही त्यात मागून झाली. मग उठून तिनं किटली ठेवली, आणि वाफ आल्यावर शाळेतल्या मुलीसारखे मोठ्यानं दहा आकडे मोजले. नऊपाशी शेजारणीनं हाक मारली. आईनं ओ दिली नाही.

सरांनी दहा दिवसांत दुसरं काही शिकवलं नाही. मागच्या रेषेवरून मागच्या रेषेवर, रोज तीनशे टोले. डॉक्टर दहा दिवस तोंड पाडून खेळले, पण एक सकाळ चुकवली नाही. एकदा पाणी पिताना सर म्हणाले, "चार महिने वाया गेले असं समजू नकोस. जड शटल रॅकेटवरून पळतं, त्याला आवरायला बोटं हलकी लागतात. तुझं नेटजवळचं काम बघ, पूर्वी एवढं नाजूक नव्हतं." भिंगरीला ते पटलं. पण आईला तिनं ते लगेच सांगितलं नाही, स्पर्धेनंतर सांगायला राखून ठेवलं.

स्पर्धेला आई पहिल्यांदा आली. "मागे रेषेवर पडतं का, तेवढं बघून निघते," म्हणाली. परक्या शहरातला मोठा हॉल, डोळे दिपवणारे दिवे. आई आणि बाबा वरच्या रांगेत बसले. पहिला सामना भिंगरी सरळ जिंकली. दुसरा पात्रतेचा शेवटचा, समोर उंच, डावखुरी, तिच्याहून तीन वर्षांनी लहान पोरगी. एक गेम हिचा, एक तिचा. तिसऱ्यात वीस एकोणीस, भिंगरी पुढे. एक गुण हवा.

आई हातावर हात घट्ट दाबून बसली होती. बाबांनी वाकून ऐकलं. प्रार्थना नव्हती ती. आई आकडे मोजत होती.

त्या शेवटच्या गुणासाठी दोघींनी एकमेकींना चारी कोपरे फिरवलं. मग डावखुरीनं शटल नेमकं डाव्या मागच्या कोपऱ्यात टाकलं, जिथे पाय मोडला होता तिथेच. भिंगरीला क्षणभर ती काटकी ऐकू आली. पण पाय आधीच निघाला होता. उजवा पाय पूर्ण भारानं कोपऱ्यात पडला, स्क्रूसकट, आणि पाठमोऱ्या हातानं तिनं सगळा खांदा ओतून शटल वर उडवलं.

ते उंच गेलं. दिव्यांच्या वर गेलं असं आईला वाटलं. समोरची पोरगी मागे पळाली, खाली उभी राहिली, मान वर करून बघत राहिली, आणि शेवटच्या क्षणी रॅकेट बाजूला घेतली. बाहेर जाणार, असं तिनं ठरवलं. शटल रेषेवर पडलं. कडेला बसलेल्या पंचानं हात पुढे करून रेषेकडे दाखवलं, म्हणजे आत.

भिंगरी जागीच उभी राहिली. मग नेहमीसारखं नेटकडे न बघता तिनं वर, शेवटच्या रांगेकडे बघितलं. तिथे बाबा उभे राहून दोन्ही हात हलवत होते. शेजारची खुर्ची रिकामी होती.

आई सापडली ती खालच्या बोळात. हरलेली डावखुरी भिंतीला टेकून रडत होती, आणि आई तिला स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजत होती, पाठीवरून हात फिरवत होती. "घोटा दुखतोय का तुझा? नाही ना? मग झालं तर. हात दुखतोय? तो दुखू दे, तो कामाचा असतो." त्या मुलीला ही बाई कोण ते ठाऊक नव्हतं. आई मात्र तिला चौदा वर्षं ओळखत होती.

मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात भिंगरी तिसऱ्या मानांकित खेळाडूकडून हरली. पण चांगली लढून, एक गेम घेऊन. आणि हरल्यावर तिला गेल्या दोन वेळांसारखं रिकामं वाटलं नाही, नुसती चीड आली, भूक लागली. म्हणजे ती पुन्हा खेळाडू झाली होती. मॅडमनी फक्त एवढं विचारलं, "सोमवारी येतेस?"

अर्जाच्या कागदाची आईनं घडी केली आणि ओट्याजवळच्या डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातली. भिंगरीनं त्यावर बसून बघितलं. आता स्टूल डगमगत नाही.

अकादमीत पुन्हा तोच पलंग, तीच खिडकी, दोरीवर मोजे. सोळा वर्षांच्या त्या मुलीला महिन्याभरात शेजारची खोली मिळाली. रात्री अंधार झाला की ती घाबरते, म्हणून भिंगरी दार उघडं ठेवते. घोटा आता कधीमधी बोलतो, विशेषतः थंडीत. सामन्याच्या दिवशी सकाळी भिंगरी घरी फोन करते.

"आई, झाली प्रार्थना?"

"झाली."

"सगळी?"

"सगळी. आज ताईचा दुसरा डोळा होता, म्हणून जरा लांबली."

"किती वेळ गं?"

"गॅस बंद होता," आई म्हणते. "मग किती का वेळ असेना, तुला काय करायचंय? जा, खेळ."